माझ्या पांढऱ्या पानांवरचा संशय

मित्रांनो, मी भाजे गावातल्या एका गोठ्याच्या वळचणीखाली वाढलेलं जुनं रोप आहे. नर्सरीवाले मला डस्टी मिलर म्हणतात. बारीक पांढऱ्या लवेमुळे माझी पानं बारा महिने चंदेरी दिसतात. त्या लवेपायीच माझ्या जिवावर बेतलं होतं.

सोमाटण्याच्या एका नर्सरीत मी लहानशा फांदीपासून रुजलो. तिथून भाज्याच्या प्रेरणा नावाच्या मुलीनं मला वाढदिवसाची भेट म्हणून मागून घेतलं. तिचे वडील कैलास गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला. घरच्या अंगणातही त्यांनी गुलाबांची ओळ लावलेली. मला पाहताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"भुरी हाय ही," ते म्हणाले. "गुलाबाजवळ नगं."

भुरी म्हणजे पानांवर पांढरी बुरशी आणणारा रोग. पॉलिहाऊसचा रिवाज असा, की ज्या झाडाचा संशय आला ते त्याच दिवशी पिशवीत बांधून बाहेर. प्रेरणा रडवेली झाली म्हणून माझी पिशवी टळली. रवानगी मात्र गोठ्यामागे, वळचणीखालच्या कोरड्या मुरमात झाली. कैलास येता-जाता माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघत. चुकून हात लागलाच, तर साबणानं धुवत. पाणी तर घालतच नसत. हा माणूस मला तहानेनं मारणार, अशी माझी खात्रीच झाली. मीही त्यांच्यावर डोळा ठेवून होतो.

प्रेरणावर मात्र माझा आंधळा विश्वास. वडिलांची नजर चुकवून ती रोज तांब्याभर पाणी घालायची. पावसाळा लागला, मुरमाला आतूनच ओल आली, तरी तिचा तांब्या काही थांबेना. माझी मुळं गुदमरली, देठ बुडाशी मऊ पडला, खालची पानं काळी पडून गळाली. तरी मी दोष दिला तो कैलासनाच.

एक दिवस त्यांनी मुरमात बोट घातलं आणि लेकीला हाक मारली. "ह्याला पानी कोन घालतंय?"

ती मान खाली घालून म्हणाली, "मीच. पप्पा, मला वाटलं तुमी त्याला मारताय."

कैलास माझ्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी मला उपटलं. आता पिशवी, मी मनात म्हटलं. पण त्यांनी माझी कुजलेली मुळं कापली आणि माझं एक पान अंगठ्यानं घासलं. भुरी असती तर हाताला पीठ लागलं असतं. लव पानाला तशीच चिकटून राहिली. त्यांनी पुन्हा घासून पाहिलं.

"रोग न्हाई हा. ह्याचं अंगच असं हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "आन् ह्याला पानी सोसत न्हाई."

प्रेरणाला एवढा आनंद झाला, की तिनं मला अंगणात गुलाबांशेजारी लावायचा हट्टच धरला. मित्रांनो, मावळातल्या त्या उघड्या पावसात मी आठवडाभरही टिकलो नसतो. कैलासनी नकारार्थी मान हलवली आणि नवा कोरडा मुरूम घालून मला परत वळचणीखालीच बसवलं. माझा जीव भांड्यात पडला.

आता रोज संध्याकाळी प्रेरणा येते, ओल आहे का बघते आणि बहुतेक वेळा नुसतीच माझ्याजवळ बसून परत जाते. मित्रांनो, झाडावर माया जरूर करा, पण त्याला काय नको आहे ते आधी बघा. ही मुलगी माझ्यावर जीव टाकते, हे मला कळतं. तरीही तिची पावलं वाजली, की अजून माझी मुळं आखडतात.