मध्यंतरानंतर

सिनेमाच्या धंद्यात तिला सगळे 'कात्री' म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे कात्री. संकलक म्हणून तिचा लौकिकच तसा होता. दिग्दर्शकाने जीव ओतून घेतलेलं दृश्य असो नाही तर बड्या नटाचा आवडता रडण्याचा प्रसंग, कथेला नको असेल तर ती बघता बघता उडवून टाकी आणि वर विचारी, "गेल्याचं कळलं का कुणाला? नाही ना? मग ते नव्हतंच." एका नटाने तर भर पार्टीत तिच्यापुढे हात जोडले होते. "ताई, पुढच्या वेळी माझी निदान सावली तरी ठेवा हो पडद्यावर!"

'नभवीर' तिच्याकडे आला तेव्हा त्यात पैसा पाण्यासारखा ओतलेला होता. आकाशात उडणारा नायक, कोसळणाऱ्या इमारती, आणि अर्धं आकाश संगणकात तयार केलेलं. दिग्दर्शक तरुण होता, हुशार होता, आणि तिला थोडा दबकून असायचा. पूर्वार्ध तिने तिच्या नेहमीच्या झपाट्याने उरकला. एक फाजील क्षण नाही, एक रेंगाळलेली नजर नाही. मध्यंतर नेमकं कुठे पडणार यावर दोघांचं आठवडाभर वाजलं, आणि ज्या दिवशी ते एकदाचं ठरलं त्या दिवशी दिग्दर्शक स्वतः केक घेऊन आला.

काम करताना ती फोन मुका करून खणात टाकत असे. केक खाऊन झाल्यावर तिने खण उघडला, तेव्हा तिचा नवरा जाऊन दोन-तीन तास झाले होते.

तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत काम संपवून, हात पुसून, जोडीदाराला म्हणाला, "जरा टेकतो रे पाच मिनिटं." टेकला तो टेकलाच. दुखत होतं म्हणावं तर कधी तक्रार नाही, औषध नाही, पाणी नाही.

घरात उरल्या दोघी, ती आणि सासू. मूलबाळ नव्हतं. भेटायला येणारा जो तो सांगून जाई, "आईंकडे बघून तरी खंबीर राहा." आणि सासूला स्वयंपाकघरात गाठून सांगे, "सुनेकडे बघून तरी खंबीर राहा." दोघींनी ते इतकं मनावर घेतलं की त्या एकमेकींसमोर रडल्याच नाहीत. एकीने न्हाणीघरात नळ सोडला की दुसरी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवी. जेवताना भाजीत मीठ जास्त झालंय का, यावर मात्र दोघी मन लावून बोलत.

प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली होती. पोस्टरं लागली होती. "कामासारखं औषध नाही," असं सगळेच म्हणाले, आणि ती औषध घ्यायला गेल्यासारखी संकलनाच्या खोलीत जाऊन बसली. उत्तरार्ध तिने तिथे एकटीने बांधला.

त्यात एक दृश्य होतं. नभवीर शहर वाचवून घरी येतो. त्याने घंटा वाजवायच्या आत बायको दार उघडते आणि उंबऱ्यात उभी राहून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळते, कुठे लागलंय का ते बघते. बस, एवढंच. संवाद नाही. एरवी तिने ते दोन श्वासांत संपवलं असतं. पण ती कापायला जाई आणि हात थांबे. कापलं की दार बंद होणार. मग ती म्हणे, राहू दे अजून थोडं. असं करता करता ती नटी उंबऱ्यात इतका वेळ उभी राहिली की पडद्यावर जणू काळच थांबला. आणि एकट्या त्याच दृश्याचं असं झालं नाही. खलनायकाचा म्हातारा बाप मुलाला निरोप देतो ते दृश्य, गाडी वळणाआड जाते ते दृश्य, रिकामं मैदान, सगळं लांबत गेलं. तिला ते लांबलेलं दिसत नव्हतं. दिग्दर्शक मागे खुर्चीत बसून बघायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "छान आहे, ताई."

सिनेमा लागला आणि समीक्षकांनी एकजात त्याची पिसं काढली. पोकळ, गोंगाटी, लांबलचक, नुसता पैशाचा धूर. प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. शिट्ट्या, टाळ्या, तीन-तीनदा बघणारे लोक. केस कापायच्या दुकानात, बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर एकच वाद चालू होता. "या समीक्षकांना कशात आनंद वाटतो कोण जाणे. घरी बायको हसली तरी दोन तारे कापत असतील!"

तिने एकही परीक्षण वाचलं नव्हतं. एक दिवस भाजीच्या दुकानात रांगेत उभी असताना पुढच्या माणसाने चिडून आपला फोनच तिच्यापुढे धरला. "बघा हो बाई, हा म्हातारा काय लिहितोय आपल्या नभवीरबद्दल!" त्याला बिचाऱ्याला ती कोण हे माहीत नव्हतं.

एका जुन्या समीक्षकाने लिहिलं होतं, "मध्यंतरापर्यंत सिनेमा वाऱ्यासारखा पळतो. मध्यंतरानंतर तो दुसऱ्याच कुणाच्या हाती गेल्यासारखा वाटतो. दृश्यं संपल्यावरही संपत नाहीत. माणसं निघतात आणि निघतच राहतात. निरोप कुणालाच घेता येत नाही. एवढ्या नामांकित संकलकाला झालं तरी काय? तिला कापायची भीती वाटू लागली आहे की काय?"

आधी तिचे कान तापले. मनात म्हणाली, याला काय कळतंय. फोन परत देताना मात्र 'निघतच राहतात' हे दोन शब्द पुन्हा दिसले. ती टोमॅटोच्या पेटीवर मटकन बसली. दुकानदाराने पाणी आणून दिलं. तो माणूस मात्र खूश झाला. "बघा, यांनासुद्धा सहन झालं नाही!"

पुढच्या आठवड्यात चाहत्यांनी त्या समीक्षकाला जगणं नकोसं केलं. त्याचा नंबर सगळीकडे फिरला. त्याच्या दारावर कुणीतरी काळा रंग ओतला. सिनेमाच्या यशाची पार्टी झाली, तिथे दिग्दर्शकाने त्याची नक्कल करून दाखवली, चष्मा नाकावर, पाठीला पोक. सगळे पोट धरून हसले. तिने त्याला बाजूला, जिथे पाहुण्यांचे कोट टांगले होते तिथे बोलावलं.

"खरं सांग. दुसरा भाग लांबलाय का?"

"काय ताई तुम्ही! लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत."

"लोकांचं नाही विचारलं. तू खोलीत बसून बघत होतास. तुला काय वाटलं?"

त्याने एका कोटाचं बटण लावलं, परत काढलं. "वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. निर्मात्यांनी मला दोनदा बोलावून घेतलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार?" तो एकदम लहान दिसायला लागला. "तुम्ही त्या दारावर थांबायचात आणि तुमचा चेहरा... कुठल्या तोंडाने म्हणू की ताई, इथे जरा कापा? आम्ही ठरवलं, कुणी काही बोलायचं नाही. चाललं तर चाललं. आणि चाललं की!"

"म्हणजे सगळ्यांना दिसत होतं."

"हो."

"आणि सगळे मूग गिळून बसलात."

"तुम्हाला जपलं हो, ताई."

त्याचं खोटं नव्हतं. तिला त्याचा रागही आला नाही. फक्त इतके महिने एवढी माणसं आपल्याभोवती पाय न वाजवता चालत होती, हे कळल्यावर तिला फार एकटं वाटलं. कोट घेऊन ती तशीच निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने समीक्षकाला फोन लावला. नंबर मिळायला त्रास पडला नाही, तो एव्हाना गावभर झालेला होता.

"शिव्या द्यायच्या असतील तर लवकर द्या," पलीकडून थकलेला आवाज आला. "चहा निवतोय माझा."

"मी नभवीरची संकलक बोलतेय."

पलीकडे कप बशीत आपटला. "बाई, मी जे लिहिलं ते लिहिलं. मागे घेणार नाही. दारावर आणखी रंग ओतायचा तर ओता."

"मागे घेऊ नका. बरोबर लिहिलंत, एवढंच सांगायला फोन केला."

आता तो गडबडला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो अगदी हळू म्हणाला, "मी तुमचं काम पहिल्यापासून बघत आलोय. पूर्वार्ध तुमचाच आहे, डोळे मिटून सांगेन. विचारू नये, पण विचारतो. मध्यंतरात काय झालं?"

इतक्या महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाला विचारायची गरजच पडली नव्हती. आणि कुणी विचारलं नाही म्हणून तिला ते कधी उच्चारावं लागलं नव्हतं.

"मध्यंतरात माझा नवरा गेला," ती म्हणाली.

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिचं तिलाच ते नवीन वाटलं. जणू बातमी आत्ता कळली.

"अरे देवा," तो म्हणाला. "मला ठाऊक असतं तर मी हे लिहिलंच नसतं हो."

"म्हणूनच ठाऊक नव्हतं ते बरं झालं."

फोन मात्र कुणी ठेवला नाही. शेवटी तोच म्हणाला, "ते दार. ते फारच लांबलंय, हे मी पुन्हा सांगतो. पण मी त्या रात्री घरी आल्यावर आमच्या हिचा फोटो पुसला. बऱ्याच वर्षांत पुसला नव्हता. हे परीक्षणात लिहायची सोय नसते."

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने टीव्ही बंद केला. सासूने दचकून पाहिलं.

"आई, एक वाचून दाखवते." आणि तिने समीक्षकाचा तो उतारा वाचला.

सासूने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "कोण हा?"

"सिनेमावर लिहितो. आपल्याला ओळखत नाही."

"शहाणा आहे मेला." सासू टेबलावरचे कण बोटाने गोळा करत राहिली. "तिकीट काढून बघणाऱ्या परक्याला कळलं, आणि एका छताखाली राहून आपण दोघी मीठ कमी की जास्त करत बसलो."

"आई..."

"थांब, मला बोलू दे. मी लिफ्टमध्ये चढत नाही. तू कामाला गेलीस की मी चार जिने चढते-उतरते. तू विचारलंस तर गुडघ्यांना व्यायाम म्हणून सांगणार होते. पण तू विचारलंच नाहीस. आत शिरलं की त्या डब्याचा आवाज येतो ना, तर वाटतं, वर आहे माझा पोरगा, दुरुस्त करतोय."

तिने सासूचा हात धरला. हात थंड होता आणि त्याला भांड्याच्या साबणाचा वास होता. रडू मात्र दोघींनाही आलं नाही. इतके दिवस दाबून ठेवलेलं असं एका दमात थोडंच येतं.

नभवीरने कमाईचे आकडे मोडले. समीक्षकाने आपलं मत बदललं नाही, आणि फोनवर जे ऐकलं ते कधी कुठे छापलंही नाही. पुढचा नभवीर करायला निर्मात्यांनी तिलाच बोलावलं, दुप्पट मानधन सांगितलं. "लोकांना तुमचं ते दार फार आवडलंय ताई, यात असे चार-पाच प्रसंग घालू." तिने नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "मला काही दिवस नुसतं घरी बसायचंय. ते राहून गेलंय."

सिनेमा उतरायच्या आधी सासू म्हणाली, "मला दाखव तरी, एवढं काय आहे त्यात." एका दुपारी दोघी गेल्या. पूर्वार्धभर सासू कुजबुजत होती, "हा सरळ रस्त्याने का जात नाही गं? उडायचं काय एवढं?" मध्यंतरानंतर ती बोलायची थांबली. मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या वाजवत होती, नावाने हाका मारत होती. पडद्यावर ते दार उघडलं तशी ती पोरंही गप्प झाली. कुणी खोकलंसुद्धा नाही. एक पोरगी तेवढी नाक ओढत होती. तिचं कोण होतं, कोण नव्हतं, देव जाणे.

दिवे लागले. बाहेरच्या मोठ्या दालनात पुढच्या खेळाची गर्दी जमत होती. नभवीरचे मुखवटे घातलेली माणसं एकमेकांचे फोटो काढत होती. सासू चालता चालता भिंतीलगतच्या बाकाशी थांबली आणि हळूच खाली बसली.

"लांबलाय जरा," ती म्हणाली.

"हो, आई."

सासूने आजूबाजूला पाहिलं, आणि मग लहान मुलीने परवानगी मागावी तसं विचारलं, "अगं, इथे थोडं रडलं तर चालेल का?"

ती शेजारी बसली. दोघींना जागा करून देण्यासाठी एक मुखवटेवाला बाजूला सरकला.