माझ्या पाठीवर दोन म्हशी

मी शेअर बाजाराचा निर्देशांक बोलतोय. नाव जड, पण अंगानं मी नुसता एक आकडा. हात नाहीत, पाय नाहीत, तरी रोज लोक विचारतात, "आज कुठवर चढला?"

माझा जन्म मुंबईतला. देशातल्या धडधाकट कंपन्या निवडल्या, त्यांच्या भावांवरून गणित मांडलं आणि मला शंभरावर उभं केलं. त्यातली एखादी कंपनी खंगली की तिला हळूच बाहेर काढतात आणि तरणीताठी आत घेतात. म्हणून मी कधी म्हातारा दिसत नाही. मनातून मला त्याची लाजच वाटते.

मला एक थोरली बहीण आहे, महागाई. मी मोबाईलवर नाचतो, ती चुलीपाशी बसते. मी एक पाऊल चढलो की लोक पेढे वाटतात. तोवर ती दीड पाऊल पुढं गेलेली असते.

माकणी गावच्या मालनबाईशी माझी गाठ पडली ती तिच्या लेकामुळं. राजपाल एसटीत कंडक्टर. नवरा पिराजी वारल्यावर मालनबाईनं दावणीच्या दोन्ही म्हशी विकल्या. त्या पैशातून नात चैतालीला नर्स करायचं, हा तिचा एकच हट्ट. चैताली तेव्हा सातवीत होती.

राजपाल म्हणाला, "माय, घरात ठिवून पैसा कुजतोय. आकड्यावर लावू."

मालनबाईच्या हातातलं सूप थांबलं. "आकड्यावर? मुडद्या, मटका खेळाया लागलास व्हय?"

"मटक्याचा न्हाय गं, शेअर बाजाराचा!"

"आकडा त्यो आकडाच. कुणाचा झालाय त्यो?"

खरं सांगतो, मला राग नाही आला. भीती वाटली. बाई बरोबर बोलत होती.

शेवटी माझ्या मागं मागं चालणाऱ्या एका फंडात ते पैसे गेले. तेव्हापासून माझ्या पाठीवर दोन म्हशी बसल्या. कुठं लढाई लागली, कुठं कुणी मंत्री शिंकला, की माझा पाय घसरायचा. मग गाडी थांब्यावर लागली की राजपाल मोबाईल काढून मला बघायचा, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

यंदा चैताली बारावी झाली. लातूरच्या कॉलेजात नंबर लागला. फी शुक्रवारच्या आत भरायची, आणि फंडातले पैसे खात्यात यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे सोमवारीच काय ते ठरवायचं. आणि नेमका त्याच सोमवारी मी सकाळपासून घसरत होतो.

"माय, दोन दिस थांबू. चढंल परत."

"आज काढलं तर किती म्हशी येतील?" मालनबाईला अक्षर येत नाही, पण जनावरांच्या बाजारातला दर सालचा भाव तोंडपाठ.

"पैसे जवळपास दुप्पट झालेत की!"

"म्या पैसे न्हाय इचारले. म्हशी इचारल्या."

राजपाल बोटं मोजत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "पावणेदोन."

"म्हंजी एवढी वर्सं पळून तुज्या आकड्यानं पाव म्हैस खाल्ली!"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, मी नाही खाल्ली, माझ्या बहिणीनं खाल्ली! पण आकड्याला कुठलं तोंड?

चैताली हसली आणि तिनं फीचा कागद पुढं केला. "आजी, फी पण वाढलीया. पैल्या सालालाच एक म्हैस जाती."

"मग एक सोड, राजपाल. आत्ता. माझ्यासमोर."

"पडल्या भावात?"

"सोड म्हनले ना!"

राजपालनं डोळे मिटून बटण दाबलं. उद्या मी चढणार की पडणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

बुधवारी मी उसळलो. राजपाल कपाळाला हात लावून बसला. "दोन दिस थांबलो असतो तर, माय..."

"तर पोरगी घरी थांबली असती," मालनबाई म्हणाली आणि चैतालीची बॅग भरू लागली. गुरुवारी पैसे आले. फी भरली.

आज मी पुन्हा उंचावर आहे. टीव्हीवर माझा जयजयकार चाललाय, आणि इथं माझा जीव खालीवर होतोय. पाऊण म्हैस अजून माझ्याच पाठीवर आहे, चैतालीच्या दुसऱ्या सालाची. तिच्या शेजारी कुणाचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, कुणाच्या घरावरचे पत्रे आहेत. ज्यांनी ठेवलं, त्यांची मला नावंसुद्धा माहीत नाहीत.

मालनबाई, पुढच्या फीची तारीख कळली की माझ्या तोंडाकडं बघू नका. मी हसत असलो तरी बघू नका. तुमचं ओझं वेळेत उतरवून घ्या. मला माझं मलाच धरून ठेवता येत नाही.