रुकैयाची कॅसेट

"पाच मिनिटं बोल, जेन. आईला कॅसेटवर पत्र पाठवतेस ना, तसंच."

रुकैया आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. सुदानची, इथे दोह्याच्या हॉस्पिटलात नर्स. माझ्या सबॅस्टियनचा पहिला ताप तिनंच उतरवला होता. आमचं बोलणं इंग्रजीतून.

तिचा भाऊ हाफिज शाळामास्तर. तिकडे खार्टुममध्ये एका लग्नात त्यानं भाकरीच्या रांगेचं गाणं म्हटलं, आणि वऱ्हाड जेवण सोडून रस्त्यावर उतरलं. हाफिज तुरुंगात गेला. त्याच्या कॅसेटी पोलिसांनी जाळल्या. आता तेच गाणं रुकैयानं स्वतः कॅसेटवर भरलं होतं. कधीच न गायलेला, औषधांच्या चिठ्ठ्या वाचणारा सपाट आवाज. कॅसेटची सुरुवात मात्र कोरी ठेवली होती, कारण ती खार्टुमला जायची होती आणि तिथले कस्टमवाले पहिली चार-पाच मिनिटं ऐकून बघतात.

"हिंदी सिनेमे आमच्याकडे सगळे बघतात. तुझं बोलणं ऐकून हसतील नि सोडून देतील."

सकाळी चहाला माझ्या नवऱ्यानं, वॉल्टरनं बजावलं होतं, "कफीलला, माझ्या मालकाला कळलं तर व्हिसा खलास! थेट वसई. मग पोराला काय भरवशील, गाणं?"

मी बाळाला मांडीवर घेतलं, बटण दाबलं आणि सवयीनं सुरू झाले. "आई, मी जेन बोलतेय, दोह्याहून, ओल्ड एअरपोर्टच्या घरातून. आज शुक्रवार, नऊ नोव्हेंबर चौऱ्याऐंशी. सबॅस्टियनला दोन दात आलेत..."

खोकला, दात, सरलेला उकाडा, सगळं सांगून झालं. बटण बंद केलं आणि मग लक्षात आलं. माझं नाव, पत्ता, पोराचं नावसुद्धा!

रुकैयालाही तेवढं कळलं होतं. "पुसून टाक. नुसती अंगाई म्हण."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. कॅसेट नेणारी नूरी ओरडत होती, "यल्ला, रुकैया, यल्ला! चल लवकर!"

मी टेप मागे फिरवली. बोट रेकॉर्डच्या बटणावर ठेवलं.

"तू गाण्यात तुझं नाव घातलंयस?"

"पहिल्यांदा माझं, मग हाफिजचं. नाहीतर म्हणतील, कुणा भुताचं गाणं."

"आणि हॉस्पिटलात कळलं तर?"

"तर कळलं."

मी कॅसेट बाहेर काढली. तिच्या पाठच्या कडेला प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की आधीचं पुसून वरून दुसरं काही भरता येत नाही.

बाळाच्या लंगोटाची पिन काढून मी एक मोडली. मग दुसरी.