आडव्या दांड्यावरचा खंड्या

मित्रांनो, मी एक जुना गोलपोस्ट आहे. दोन उभे खांब, एक आडवा दांडा आणि मागे फाटकी जाळी, एवढाच माझा संसार. वेल्डरने मला जोडलं, पांढरा रंग फासला, तळ्याकाठच्या मैदानात रोवलं आणि तो निघून गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मीही वाईट वाटून घेतलं नाही.

इथल्या पोरांची एक रीत होती. गोल झाला की सगळी टोळी बोंबलत माझ्याकडे यायची, दांड्याला लोंबकळायची आणि तळहातांनी मला धडाधड बडवायची. त्या आवाजाने तळ्यावरचे बगळेसुद्धा उठायचे. सुरुवातीला मी मोहरून जायचो. पुढे मार खाऊन खाऊन पार बधिर झालो.

टोळीत सगळ्यात जास्त गोल लंबू नावाच्या पोराचे. त्याची आई प्रत्येक सामन्याला यायची, पण गळ्यात दुर्बीण अडकवून! तिला पक्ष्यांचं भारी वेड. काळ्या टोपीचा खंड्या आमच्याकडे सहसा फिरकत नाही, पण एक ना एक दिवस तो याच तळ्यावर दिसणार, असं तिने मनाशी धरलं होतं. त्यामुळे लंबू गोल मारायचा तेव्हा नेमकी तिची दुर्बीण झाडीत.

"आई, एक तरी गोल बघ की गं!" तो म्हणायचा.

"पुढचा नक्की!" ती म्हणायची.

असं करता करता लंबूचा शेवटचा सामना आला. दुसऱ्या दिवशी तो नोकरीसाठी लांब निघणार होता. आई त्या दिवशी अगदी पुढे येऊन बसली. खेळ रंगात आला आणि माझ्या दांड्यावर काहीतरी हलकंसं येऊन टेकलं. काळी टोपी, पांढरा गळा, लालभडक चोच. तोच तो! आईने दुर्बीण डोळ्यांना लावली.

तेवढ्यात लंबूने सरपटता चेंडू जाळीत घातला. टोळी हात उगारून माझ्याकडे धावली. लंबूला आधी पक्षी दिसला, मग आई. तो सगळ्यांना आडवा गेला.

"थांबा रे! कोणी हात लावू नका. आवाज नको!" तो दबक्या आवाजात म्हणाला.

पोरं तोंड दाबून नाचली. असा मुका गोल माझ्या उभ्या आयुष्यात झाला नव्हता. खंड्या मनसोक्त बसला आणि आपसूक उडून गेला.

लंबू आईकडे पळाला. "आई, बघितलंस?"

"बघितलं रे! अगदी डोळे भरून! काय ती चोच, काय तो रंग!"

"आणि गोल?"

"गोल? कधी झाला? अरे, मग आवाज कसा नाही आला?"

लंबू नुसता हसला. सगळे पांगल्यावर तो एकटाच माझ्यापाशी आला आणि त्याने दांड्यावर एक थाप मारली. इतकी हलकी, की रंगाचा पोपडाही पडला नाही. इतक्या वर्षांत मला तेवढी एकच लागली.

आता पोरं दुसऱ्या मैदानावर खेळतात. मला गंज चढलाय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आई मात्र अजून येते आणि माझ्या रिकाम्या जाळीकडे बघत बसते. परवा तो खंड्या पुन्हा माझ्या दांड्यावर येऊन बसला होता. तिची दुर्बीण गळ्यातच राहिली.

मित्रांनो, मला रंग नाही दिलात तरी चालेल. पण आपलं माणूस "बघ ना" म्हणालं, तर हातातलं काय असेल ते खाली ठेवा आणि तेव्हाच बघा.