सख्ख्यांना सूट

बब्रुवाननं फ्रिजचं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. आतला दिवा लागतो का ते बघतोय, असं तो दाखवत होता. खरं तर त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. फ्रिज त्याला घ्यायचाच नव्हता. घेणार होता वैजनाथ, गावातला शिंपी, आणि तो बिचारा चोरी पकडल्यासारखा कोपऱ्यात उभा होता.

गल्ल्यावर शिवलिंगप्पा बसले होते. कपाळाला विभूती, नाकावर चष्मा. मुरूमच्या बाजारपेठेत फ्रिज, कपाटं, मिक्सर विकता विकता केस पिकलेला माणूस. तरुणपणी भरतीला गेले तेव्हा त्यांची छाती दोन बोटं कमी भरली होती. ते दुःख त्यांनी जपून ठेवलं आणि दुकान मोठं झाल्यावर दारावर पाटी लावली : माजी सैनिक व त्यांचे सख्खे नातलग यांना खास सूट. फौजी स्वतः सोबत पाहिजेत.

"हे कोण म्हणायचे, फौजी?"

"भाऊ."

"सख्खे?"

"सख्खे," बब्रुवान म्हणाला आणि फ्रिजचं दार आणखी एकदा लावलं.

शिवलिंगप्पांनी दोघांकडं बघितलं. एक ताडमाड, दुसरा मुठीएवढा. पण कागद मागायची त्यांची रीत नव्हती. फौजीचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी सूट लावून बिल केलं आणि दोघांना चहा सांगितला.

फौजेत सतरा वर्षं काढून बब्रुवान घरी आला, पण पाय काही घरात ठरेनात. अंगण झाडून झालं की परत झाडायचा. घडी केलेली पांघरुणं मोडून नव्यानं घड्या घालायचा. शेत वाट्यानं दिलेलं, पोरं पुण्याला, त्यामुळं दिवस उजाडला की तो घालवायचा कुठं हाच प्रश्न. अशात मुरूमची ती पाटी म्हणजे देवच पावला. लग्नसराईत ज्याला त्याला फौजी हवा झाला. "फौजी, मुरूमला येता का?" एवढं म्हणायचा अवकाश, की ह्याच्या पायात चप्पल. वैजनाथच्या आधी बंडप्पा सख्खा झाला होता, बंडप्पाच्या आधी एक टोपीवाले मास्तर. खोटं बोलल्याचं त्याला थोडं टोचायचं, नाही असं नाही. पण परत येताना गाडीवर कुणीतरी मागं बसलेलं असायचं, बोलत असायचं, आणि ते टोचणं रस्त्यातच कुठंतरी पडून जायचं.

"सगळ्या गावाचं सख्खं झालात," त्याची बायको अयोध्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "भिंतीपल्याडचा तेवढा राह्यला."

भिंतीपलीकडं रामहरी राहायचा. बब्रुवानचा धाकटा भाऊ. एकाच आईच्या पोटचा, ज्याला खरोखर सख्खा म्हणतात तसला. आई गेली तेव्हा बब्रुवान वर डोंगरात, चौकीवर होता. वाट बर्फानं बंद झालेली. तो घरी पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. दारात भेटायला आलेली माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोर तो रामहरीवर ओरडला होता, "एक दिवस थांबला असतास तर मेला असतास व्हय?" रामहरी काही बोलला नाही. तेव्हा बोलला नाही, ते नंतरही बोलला नाही. अंगणात भिंत आली.

आता रामहरीच्या समृद्धीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका आली ती चुलत्याच्या मुलाकडून. बब्रुवान दिवसभर भिंतीला कान लावून असायचा. पलीकडं कपाटाची गोष्ट निघाली, आरशाचं कपाट, मुरूमलाच बघितलंय, हे सगळं त्याला पाठ झालं होतं. कुणी गाडीवर चल म्हणालं तर आता तो कारणं सांगू लागला. रामहरी बोलवायला येईल आणि आपण नेमके नसू, ह्या धास्तीनं तो घर सोडीना.

"तुमीच जावा की," अयोध्या म्हणाली.

"मी का? धाकट्यानं यावं."

"मग बसा मिशीला पीळ देत. पोरगी चालली सासरला."

शुक्रवारी सकाळी रामहरीची बायको शिवकन्या भिंतीवरून डोकावली. बायकांचं आपसात बोलणं कधी थांबलंच नव्हतं. "जाऊबाई, आमी निघालो मुरूमला, कपाट आणाया. टेम्पो सांगितलाय," असं ती जरा मोठ्यानंच म्हणाली. थोड्या वेळानं टेम्पोचा आवाज आला आणि गेला.

बब्रुवान उठला, बसला, उठला. अंगणात गेला, आत आला. अयोध्यानं मिक्सरचं भांडं पिशवीत घातलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"गळतंय."

"कधीपासनं?"

"आत्तापासनं. जावा, दावून आणा."

बब्रुवाननं गाडी दुकानापुढं लावली आणि पिशवी घेऊन आत शिरला. रामहरी गल्ल्यापुढं पाठमोरा उभा होता. समृद्धी कपाटाच्या आरशात बघत होती. तिला आधी तो आरशातच दिसला.

"मोठे बाबा!"

रामहरीनं मान वळवली नाही. "बिल करा, मालक," तेवढं म्हणाला.

"या फौजी!" शिवलिंगप्पा म्हणाले. "आज काय काढलं?"

"भांडं गळतंय." बब्रुवाननं पिशवी पुढं केली आणि एका दमात म्हणाला, "आन् ह्यांच्या बिलाला सूट लावा. भाऊ हाय माझा. सख्खा."

शिवलिंगप्पा हसले. मग त्यांचं हसू उतरलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अय्यो, फौजी. आता बास करा. त्यो शिंपी सख्खा, मास्तर सख्खा. आन् बंडप्पा? त्यो माझ्या साडूच्या गल्लीतला, साडूकडनं समदं कळालं मला नंतर. तुमच्या शब्दावर गप बसलो. वर्दीचा मान म्हणून सूट ठेवली, तुमी तिची जत्रा केलीत. आज हे आणखी एक सख्खे. तुमच्या आईला लेकरं तरी किती, सांगा बघू?"

आयुष्यात पहिल्यांदा ह्या दुकानात बब्रुवान खरं बोलला होता आणि नेमकं ते खोटं ठरत होतं. त्याच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती. त्यानं रामहरीकडं बघितलं. रामहरीनं नुसतं हो म्हटलं तरी भागणार होतं.

"आईचं नाव ह्याच्याम्होरं काढू नका, मालक," रामहरी म्हणाला.

"का?" बब्रुवान भडकला. "माझी न्हवती आई?"

"व्हती की. मनीऑर्डरीपुरती. अंथरुणाला खिळली तवा कुठं व्हतास?"

"देशाच्या चौकीवर व्हतो! मजा मारत न्हवतो!"

"मी बी मजा मारत न्हवतो. उचलून संडासला न्हेत व्हतो तिला, ह्या हातानं. आन् ती काय म्हणायची? बब्रू आला का? माझ्या खांद्यावर मुंडी ठिवून तुझं नाव!"

"बाबा, लोकं बघत्यात," समृद्धी हळूच म्हणाली. दुकानातली गिऱ्हाइकं खरंच थांबली होती.

"बघू देत. मग एक दिवस थांबवलं का न्हाईस तिला?" बब्रुवानचा आवाज फाटला. "त्वांड बी बघू दिलं न्हाईस मला."

"थांबलो व्हतो!"

रामहरी इतक्या जोरात ओरडला, की शिवकन्यानं त्याचा दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला.

"थांबलो व्हतो म्या. समद्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, मढं तिष्ठत ठिवलं म्हणून. उमरग्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या. संपल्या, परत आणल्या. तुझ्या साहेबाला फोन लावून लावून बोट दुखलं. शेवटी तुझ्याकडचा कुणीतरी म्हणाला, वाट उघडत न्हाय, उरकून घ्या. तिकडं तू बर्फात आन् हिकडं आई बर्फात. काय करू मी?"

बब्रुवान उभा होता तिथंच राहिला. त्याला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं राग धरून ठेवला होता, आता तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

"मला सांगितलं न्हाईस," तो म्हणाला.

"इचारलंस? आल्या आल्या चार माणसांत मला..." रामहरीनं तोंडावरून उपरणं फिरवलं.

शिवलिंगप्पांनी पेन उचललं, मघाचं बिल फाडलं आणि दुसरं लिहायला घेतलं. लिहिताना मान वर केली नाही.

"सूट लावलीय," ते शिवकन्याला म्हणाले. "बाकीचे भाऊ लई गोडीत वागायचे. तवाच ओळखायला पायजे होतं मी."

मग त्यांनी मिक्सरच्या भांड्यात पाणी ओतलं, वर धरलं, खालून हात फिरवला. हात कोरडाच राहिला. त्यांनी बब्रुवानकडं बघितलं, पाणी ओतून दिलं आणि भांडं पिशवीत घालून समृद्धीकडं दिलं. "आता न्हाय गळणार म्हणावं, मोठ्या आईला सांग."

कपाट टेम्पोत चढवायला दुकानातली दोन माणसं आली. तरी रामहरी स्वतः वर चढला, आणि बब्रुवाननं कुणी न सांगता खालून खांदा दिला. आडवं कपाट धरून कुणीतरी मागं बसायला हवं होतं. शिवकन्या आणि समृद्धी पुढं बसल्या. बब्रुवानची गाडी दुकानापुढंच राहिली. राहू द्या, मी बघतो, असं शिवलिंगप्पा ओट्यावरून म्हणाले.

मुरूम मागं पडलं. कपाटाच्या एका अंगाला रामहरी, दुसऱ्या अंगाला बब्रुवान, फळीच्या कडेला टेकून. बब्रुवानला दहादा वाटलं, काहीतरी म्हणावं. माफीचं बोलावं की लग्नाचं विचारावं, हेच त्याला ठरवता येईना. तो गुडघा हलवत बसला.

"वैजनाथाला सख्खा म्हणलास?" रामहरीनं विचारलं. तो रस्त्याकडं बघत होता.

"म्हणलो."

"आन् बंडप्पाला?"

"त्याला बी."

रामहरीनं नाक ओढलं. टेम्पो खड्ड्यातून गेला, कपाट हललं आणि दोघांनी ते एकदमच धरलं.

"सरक हिकडं," रामहरी म्हणाला. "तिकडनं पडशील."

बब्रुवान सरकला. त्याचा गुडघा थांबला होता.