दैवशालाबाईंच्या खाटेवरचा पिरॅमिड

मी एक पत्र्याचा पिरॅमिड आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच ठणकावून सांगतो: माझ्यात कसलीही शक्ती नाही. पटत नसेल तर आत डोकं घालून बघा. उकडेल, बाकी काही होणार नाही.

माझा जन्म जालन्यात, संपत पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. संपत धान्याच्या कोठ्या आणि कुलर बनवायचा. माझ्या पत्र्याचाही तो कुलरच करणार होता. तसं झालं असतं तर उन्हाळ्यात कुणीतरी मला दुवा दिली असती. पण पांढऱ्या सफारीतला एक माणूस आला आणि त्यानं पिरॅमिड मागितला. संपतनं चार त्रिकोण कापले, कडा ठोकून जोडल्या, वरून सोनेरी रंग मारला.

"साहेब, ह्याच्यात ठेवायचं काय?" त्यानं विचारलं.

"ऊर्जा," सफारीवाला म्हणाला.

संपतनं माझ्या आत वाकून पाहिलं आणि हात पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतूरच्या एका मंगल कार्यालयात सफारीवाल्याचं भाषण झालं. पिरॅमिडखाली ब्लेड बोथट होत नाही, दूध नासत नाही, आणि माणूस झोपला तर दुखणं पळून जातं, असं तो बिनदिक्कत सांगत होता. अरे लबाडा, मी इथंच टेबलावर आहे ना! पण पत्र्याचं कोण ऐकतो? लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काकासाहेबांनी मला घरी नेलं.

काकासाहेब मंठ्याजवळच्या खेड्यातले शेतकरी. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. त्यांच्या बायकोला, दैवशालाबाईंना, शुगरचा त्रास. पायाच्या बोटाला जखम झाली, ती काही केल्या भरेना. डॉक्टर म्हणाले, बोट काढावं लागेल, उशीर केलात तर पाय जाईल. तेव्हापासून काकासाहेबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्यांनी मला बायकोच्या खाटेवर साखळीनं टांगलं, मोबाइलवर दिशा बघून माझी एक बाजू बराबर उत्तरेला केली आणि तिच्या गोळ्या कपाटात कोंबल्या. गोळ्यांनी म्हणे माझी शक्ती कापली जाते!

आळीतल्या बाया येऊन मला हळदीकुंकू वाहायच्या. एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि कुठल्या कौतुकाची एवढी चीडही मला कधी आली नव्हती. खाली ती माउली कण्हत होती. बोट काळं पडत चाललं होतं. सून अर्पिता परतूरच्या शाळेत शिकवायची. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, आत्यांना दवाखान्यात नेऊ या." काकासाहेब तिच्यावरच खेकसले, "तुझं शिकवणं शाळंत. इथं मी बघून राह्यलो ना!"

एका दुपारी अर्पिता खाटेशेजारी बसून उद्याचा धडा वाचत होती. दैवशालाबाईंची नजर पुस्तकातल्या चित्रावर गेली.

"हे आपल्या पत्र्यावानी काय हाय गं?"

"आत्या, हे खरे पिरॅमिड. इजिप्त देशातले."

"कशापायी बांधले व्हते?"

मी कान टवकारले. माझ्या खानदानाची गोष्ट मला तरी कुणी सांगितली होती? अर्पिता सांगू लागली. पहिल्यांदा राजाला पुरलं की वर नुसता सपाट ओटा बांधायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, ओट्यावर लहान ओटा, त्यावर आणखी लहान. झाला पायऱ्यांचा पिरॅमिड. पुढं सरळ उतार करायला गेले तर तो इतका उभा झाला की काम भेगाळायला लागलं. अर्ध्यावर उतार कमी करावा लागला. तो पिरॅमिड अजून तसाच वाकडा उभा आहे. त्या चुकीतून शिकले, तेव्हा कुठं गुळगुळीत उताराचे मोठे पिरॅमिड साधले. ऐकून माझा पत्रा अभिमानानं तापला. मंत्र नाही, जादू नाही. चुकले, सुधारले, पुन्हा बांधलं!

"एवढाले दगड," दैवशालाबाई म्हणाल्या, "मजुरांच्या पायावर पडत नसतील का?"

"पडायचे की. हाडं मोडली तर वैद्य बसवायचे. मोडून पुन्हा जुळलेली हाडं सापडलीत तिथं."

"म्हंजी बांधणारेबी वैद्याकडंच जायचे. मंग ह्याच्या आत कोण ऱ्हायचं?"

"मेलेला राजा."

दैवशालाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग एकदम उठून बसल्या आणि ओरडल्या, "आवं, इकडं या!"

काकासाहेब धावत आले.

"मढ्याचं घर टांगलं व्हय माझ्यावर? म्या मेले न्हाई आजून!"

"अगं, ते तुझं बोट कापतील..." काकासाहेब म्हणाले.

"कापू द्या! भ्या तुमाला वाटून राह्यलं आन् पाय माझा सडून राह्यला. गाडी बोलवा, जल्दी!"

उशाची काठी उचलून तिनं मला असा दणका दिला की साखळी तुटली आणि मी धाडकन जमिनीवर आदळलो. मार खाऊन इतका खूश झालेला पत्रा तुम्ही पाहिला नसेल. त्याच दुपारी काकासाहेबांनी तिला जालन्याला नेलं. बोट गेलं, पाय वाचला.

आता मी शेतात असतो. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवर मला उपडा घातलाय. उतारावरून पाणी निथळून जातं, स्टार्टर कोरडा राहतो. सोनेरी रंग उडाला, कडा गंजल्या. माझी तक्रार नाही.

परवा दैवशालाबाई शेतात असताना शेजारच्या गोजरबाई धापा टाकत आल्या. "दैवशाला, नातवाला लई दम लागून राह्यला. तुझा तो पिरॅमिड दे की!"

दैवशालाबाईंनी चप्पल काढून पाय पुढं केला. "आधी हे बघा. आता पोराला घ्या आन् गाडीत बसा. मीबी येते संगट." आणि चप्पल घालायलाही न थांबता त्या लंगडत बांधावरच्या गाडीकडं निघाल्या.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझ्याखाली मोटार ठेवा, कोंबड्या कोंडा, गंजलो तर खुशाल भंगारात घाला. पण जितं माणूस माझ्याखाली ठेवाल, तर खबरदार!