विस्तवाचं पाणी

"इस्तू लागला न्हाई ते पानी माझ्या लेकीच्या अंगावर पडायचं न्हाई," म्हणत चाकूरच्या विठाबाईंनी नळाखाली भरलेली बादली बाजूला सारली.

लातूरच्या या दवाखान्याच्या नव्या इमारतीचं सगळ्यांना कोण कौतुक! दिवसा दिवा लावायला नको, खिडक्यांतून वारा कसा खेळता, आणि गच्चीवर उन्हानं पाणी तापवणाऱ्या काचेच्या पेट्या. पण बाळंतिणींच्या आया त्या पाण्याला हात लावीनात. डॉक्टर राजश्रीबाईंनी स्पष्टच सांगून टाकलं होतं, बायका नळाचं हे पाणी घेईपर्यंत लाकडांवर पाणी तापवणारा जुना बंब राहील. बंब राहील तोवर बंबवाला रामकिशनही राहील. म्हणजे विठाबाईंचा हट्ट हीच त्याची भाकरी.

भूकंपात घर गेल्यावर काही दिवस पत्र्याच्या शेडात काढून तो इथं आला आणि बंबापाशी रमला. तो बंबाशी बोलतो, असं नर्सा म्हणत. खोटं नव्हतं ते. आता त्याची लेक शिल्पा लातुरातच बारावीच्या क्लासला होती, तिची फी या पगारातूनच जायची.

विठाबाईंचं ऐकून तो मनातून खूश झाला. लगबगीनं त्यानं बंब पेटवला. लाकडं ओली होती. धूर वाऱ्याबरोबर सरळ नव्या खिडकीतून आत शिरला. आत बाळ शिंकलं, मग ठसकलं, मग रडून लाल झालं. बाळंतीण बिचारी पदरानं वारा घालत बसली.

रामकिशननं जळती लाकडं बाहेर ओढून त्यांवर पाणी ओतलं.

"मावशी, गच्चीवर सूर्यनारायण तापून राहिला. त्याच्याहून मोठा इस्तू कोनता हाय?"

"बंबवाले तुमी, अन् तुमीच असं म्हनून राहिले?"

"हाव. मीच म्हनून राहिलो."

विठाबाईंनी वर पाहिलं, सूर्याला हात जोडले आणि बादली आत ओढली. दुपारपर्यंत ही गोष्ट साऱ्या वॉर्डात पसरली. संध्याकाळी आणखी दोघी नळावर आल्या.

"रामकिशनभाऊ, काय केलंत ते कळतंय ना तुम्हाला?" राजश्रीबाईंनी त्याला बोलावून विचारलं.

"कळतंय, म्याडम. लेकरू ठसकून राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखाच उजाडायच्या आधी आला. नव्या नळाखाली त्यानं हात धरला. टाकीतलं कालच्या उन्हाचं पाणी अजून चांगलं कढत होतं. त्यानं काहीच केलं नव्हतं, तरी कढत होतं. हात भाजायला लागेपर्यंत त्यानं तो काढला नाही.